भुकटीच्या दुधावर उभी राहिलेली पोर

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. लोणावळ्याजवळच्या कान्हे गावात आमचं भाताचं शेत होतं, पण पिकलेला भात सरकारी लेव्हीत, सक्तीच्या धान्यवसुलीत, जायचा आणि रेशनवर आम्हाला परदेशातून आलेली लालसर ज्वारी मिळायची. तिला कुबट वास यायचा. माझी थोरली बहीण, आक्का, मात्र लोणावळ्यात रेल्वेच्या चाळीत राहायची. दाजी इंजिनाच्या शेडमध्ये होते, त्यामुळे रेल्वेच्या धान्य-दुकानातून तिला तांदूळही मिळायचा आणि साखरही. पिकवायचं मी आणि खायचं हिनं, हे माझ्या डोक्यातून जाईना. तिच्या घरी गेलं की माझी नजर आधी तिच्या डब्यांवर जायची. आक्का आग्रहानं भात वाढायची, तरी जेवताना मी तिचे डबेच मोजत बसायची.

एका गोष्टीत तेवढी मी वरचढ होते. तिला मूल नव्हतं, मला पोरगी होती.

पण पोरगी अंग धरीना. तिच्या बरोबरीची पोरं अंगणभर पळायची आणि ही भिंतीला टेकून बसलेली. आमची म्हैस दूध द्यायची, पण ते सगळं पहाटेच्या गाडीनं खंडाळ्याच्या बंगल्यांवर जायचं. मीठमिरची त्यावरच चालायची. तशात लोणावळ्यात परदेशी मदतीतून लहान मुलांसाठी दुधाचं केंद्र निघालं. पिंपातून आलेली भुकटी पाण्यात कालवून पोरांना पाजायचे. मी पोरीला घेऊन रांगेत उभी राहिले. तिथल्या बाईंनी गाव विचारलं आणि म्हणाल्या, "हे लोणावळ्यातल्या मुलांसाठी आहे. तुमच्याकडे म्हशी असतात ना?"

मी रडत आक्काकडे गेले. ती म्हणाली, "ठेव पोरीला माज्याकडं. माजी म्हनून न्हेते."

मी ठेवली. दर बाजाराच्या दिवशी भेटायला जायची. पोरीचे गाल भरले, पायात बळ आलं. आक्कानं तिला फुलाफुलांचं झबलं शिवलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण चाळीतल्या बाया "मावशीच्या हाताला गुण आलाय" म्हणाल्या की मी पोरीला ओढून माझ्या मांडीवर घ्यायची.

एकदा गेले तर पोरगी चालत दारात आली. पहिल्यांदाच चालताना पाहत होते मी तिला. हात पसरून खाली बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं, वळली आणि आक्काचा पदर धरून म्हणाली, "आई."

"हे तूच शिकीवलंस तिला," मी म्हणाले.

"शिकवाय कशाला लागतंय? केंद्रावर बाई रोज इचारायची, आई कोन? मी म्हनायची, मी. पोरीनं ऐकलं."

मी तशीच तिला काखेत मारली आणि स्टेशनची वाट धरली. आक्का दारातून हलली नाही. गाडीत पोरगी हात बाहेर काढून आकांत करत होती. घरी नाचणीची आंबील दिली तर वाटी उलथवली.

पंधरवड्यानं आक्का कान्ह्याला आली. उंबऱ्यावरच टेकली. पदरात तांदूळ बांधून आणला होता, तो तिनं सुपात सोडला.

"तुला माजा भात दिसायचा," ती म्हणाली. "मला तुजी पोर दिसायची. मी कदी बोलले का?"

पोरगी तोवर धावत जाऊन तिच्या मांडीवर बसली होती.

भांडण तिथं मिटलं. पुढं शाळेसाठी पोरगी तिच्याकडेच राहिली आणि तिला मोठी आई म्हणू लागली. भुकटीचं दूध बंद झालं, लेव्ही गेली, घरच्या भाताला घरचं ताट मिळालं. पोरीच्या लग्नात सासरी निघताना ती आधी आक्काच्या गळ्यात पडली. मी ओटीचं ताट घेऊन मागं उभी होते. बायांनी मला पुढं सरकवलं, पण आक्कानं मिठी लवकर सोडली नाही आणि त्या दिवशीही माझा जीव जळलाच.