पंखाखाली आडवे झालेले काका

"हात लावायची जल्दी करू नका. आधी बघू द्या," असं म्हणून काका दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे आणि विमानाभोवती सावकाश फिरायचे. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना खपत नसे.

जालन्याजवळच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकवणारी आमची छोटी संस्था होती. मी कचेरी सांभाळायचो. काका आमचे इंजिनिअर. मूळचे तीर्थपुरीचे, हवाई दलातून निवृत्त झालेले. सकाळी सगळ्यांना 'जयभीम' घालून थेट विमानाकडे जायचे.

जुनी वस्तू घेताना ज्याला सोबत न्यावंच लागतं, असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. मी जुना फ्रिज बघायला काकांना नेलं, तर ते टॉर्च घेऊन दुकानाच्या फरशीवर सरळ पालथे झाले. म्हातारा चक्कर येऊन पडला असं वाटून दुकानदार पाणी घेऊन धावला. "तुम्हीच प्या," काका खालून म्हणाले, "तळ बिलकुल सडलाय याचा."

पुढे एक दोन सीटांचं जुनं विमान आमच्याकडे विकायला आलं. नवा रंग, नव्या गाद्या, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. आमचं एकुलतं एक विमान सारखं बंद पडायचं, विद्यार्थी सोडून चालले होते. "काका, फक्त हो म्हणा," संचालक अक्षरशः हात जोडून म्हणाले.

काका पंखाखाली आडवे झाले. छोट्या झाकणातून आरसा आत घालून त्यांनी मला बोलावलं. पंखाचा सगळा भार पेलणारा आतला दांडा रिव्हेटांपाशी फुगला होता, त्यावर पांढरी भुकटी. "धूळ न्हाई ती, अ‍ॅल्युमिनियमचा गंज हाय. दांडाच सडून राह्यलाय."

"पट्टी मारून नाही भागणार?" संचालकांनी विचारलं.

"मी सही न्हाई करणार."

आम्ही ते विमान घेतलं नाही. पण लवकरच बाहेरगावच्या एकानं ते घेतलं. त्याच्या इंजिनिअरनं वरवर पाहून 'उडायला योग्य' म्हणून सही केली. काकांनी त्या दोघांना सांगितलं, सरकारी विमान खात्याकडे तक्रार केली. "तुमचं मत कळलं," एवढंच उत्तर सगळीकडून आलं.

विमान न्यायला आली ती आमच्याकडेच शिकलेली, घनसावंगीची मुलगी.

"पोरी, हे नको नेऊ."

"काका, मी न्हाई म्हणलं तर दुसरा कुणी नेईल. अन् मला परत कोण बोलावंल?"

काका तिच्याबरोबर विमानापर्यंत चालत गेले. "मंग वळण हळू घे. वारं सुटलं की जवळ जागा बघून उतर. पंखावर जोर येऊ देऊ नको." तिचा पट्टा त्यांनी स्वतः ओढून बघितला. विमान उडालं. आवाज संपल्यावरही ते उन्हात उभेच होते.

दुपारी तिचा फोन आला, सुखरूप पोचली. संचालक हसले, "बघा, उगाच घाबरवलंत."

"आजचं झालं," काका म्हणाले.

आमची संस्था पुढे बंद पडली. ती मुलगी मात्र त्या विमानाच्या नव्या मालकाकडेच नोकरीला लागली, त्याच विमानावर शिकवू लागली. काका जाण्याआधी मी त्यांना शेवटचं भेटलो, तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"तिला लाव. अजून तेच उडवून राह्यली का, इचार."

मी लावला. नुसती घंटी वाजत राहिली.

"विमानात असेल," मी म्हणालो, आणि जीभ चावली.

काकांनी फोन माझ्याकडून परत घेतला आणि छातीवर ठेवून, डोळे उघडे ठेवून पडून राहिले.