लहान, मधला, मोठा: पेडणे-डिचोलीच्या डोंगरांवर दोन दिवस

वंदनाची केमोथेरपी संपली. त्यानंतरच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "आता हिंडाफिरायला हरकत नाही. लहानसा डोंगरही चढा. फार उंच नको."

"लहान म्हणजे किती मीटर?" वंदनाने विचारलं. माझी बायको शाळेत भूगोल शिकवते. डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी खिडकीकडे.

घरी येऊन तिने नकाशावरच्या, उत्तर गोव्यातल्या पेडणे आणि डिचोलीतल्या डोंगरांचे उंचीप्रमाणे गट पाडले. शंभर मीटरच्या आत लहान, दोनशेपर्यंत मधला, त्यावर मोठा. सह्याद्री पाहिलेल्यांनी हसू नये. प्रत्येक गटातला एक चढायचा असं ठरलं, म्हणजे तिने ठरवलं. मी पाणी उचलायचं होतं.

शनिवारी सकाळी म्हापशाहून स्कूटर काढली. पेडण्याच्या बाजारात गरम उंडे, म्हणजे गोल पाव, आणि पातळ भाजी खाऊन घ्या, पुढे केरीत उशिरापर्यंत काही उघडत नाही. केरीचा डोंगर किनाऱ्याला लागूनच आहे. सावली अजिबात नाही, टोपी हवीच. वंदना दोनदा थांबली. दोन्ही वेळा तिने मागायच्या आत मी बाटली उघडली.

"मी काय झाड आसंय? सारख्या पाणी कित्याक घालतात?" ती म्हणाली.

वर पोचलो. समुद्र होता. एक कुत्रा आमच्या आधी येऊन बसला होता.

मधल्या गटात मोपा. त्या पठारावर आता विमानतळ आहे, त्यामुळे माथ्यापर्यंत रुंद, गुळगुळीत रस्ता जातो. स्कूटरने पोचलो, चहा प्यायलो. वंदनाने ही चढाई अमान्य केली.

म्हणून रविवारी डिचोलीत मधल्या गटातला दुसरा डोंगर शोधला. नकाशात तो होता. जागेवर पाण्याने भरलेला प्रचंड खड्डा. काठावर गुरं चारणाऱ्या म्हाताऱ्याला मी विचारलं, "हयचो डोंगर खंय गेलो?"

"बोटीत बसून परदेशाक गेलो," तो म्हणाला. "माती लाल आसली मां. लोखंड."

मधला गट असा खाणीत संपला. मी घरी परतायचं सुचवलं. वंदनाने स्कूटर सुरू करायला सांगितलं.

मोठ्या डोंगराला प्रत्येक वाडीने वेगळं नाव दिलंय, त्यामुळे मी एकही सांगत नाही. खाली काजूची बाग, मग झाडी, शेवटी उघडा कातळ. चढताना माझं सगळं लक्ष तिच्या श्वासावर होतं. पायाखाली जांभ्याची खडी आहे हे त्यामुळे बघायचं राहून गेलं. माथा समोर दिसत असताना मी घसरलो आणि डावा घोटा मुरगळला. उभं राहायला गेलो आणि पुन्हा खाली बसलो.

वंदनाने बूट काढला, घोटा दाबून पाहिला, त्यावर स्वतःची ओढणी घट्ट बांधली. मग वर पाहिलं.

"तुमी हयच बसा. मी वर जावन येतंय."

"एकटीच? चक्कर इली तर?"

"इली तर बसतलंय."

ती निघाली. उपचारांनंतर आलेले तिचे आखूड केस उन्हात मागून एखाद्या मुलाच्या केसांसारखे दिसत होते. मध्येच ती थांबली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती पुन्हा चालू लागली, मग दिसेनाशी झाली. कातळावर फक्त वारा होता. मी देवाचं नाव घेत नाही, पण त्या वेळी बरीच घेतली, कुठल्या क्रमाने ते आठवत नाही.

परत आली तेव्हा घामाने भिजलेली होती. वर काय आहे विचारलं तर म्हणाली, "आणखी डोंगर."

मग मला तिथेच ठेवून ती बागेपर्यंत उतरली आणि बागेच्या मालकाला घेऊन आली. त्याने मला खांदा दिला आणि आधी डोंगराकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"ह्या डोंगरार पडलात? हय गायी-गोरवांपण पडनत नाय!"

स्कूटर त्याच्या अंगणात ठेवून त्याच्याच टेम्पोने म्हापशाला आलो. पैसे त्याने घेतले नाहीत, काजूची पिशवी मात्र दिली.

आता मी घरी पाय उशीवर ठेवून हे लिहितोय. जाणाऱ्यांनी घोट्यापर्यंतचे बूट घालावेत, हा या प्रवासाचा व्यावहारिक धडा. दुसरं सांगायचं तर, गेलं वर्षभर दवाखान्याच्या पायऱ्यांवर, अंगणात, न्हाणीघराच्या दारात मी तिचं कोपर धरून चाललो. त्या कातळावर ती एकटी वर जात होती आणि माझा हात रिकामा होता. तो कुठे ठेवायचा ते मला कळेना. शेवटी मांडीवर ठेवला.

आतून वंदनाने विचारलं, "चहा हवो?" मी उठू लागलो.

"बसा," ती म्हणाली.

बसलो.