ब्लाऊजपीसांवरच्या चिठ्ठ्या

मी नागपूर सोडलं त्या सकाळी बाबा रिक्षात बॅगा चढवत होते आणि आई गाठोडं घेऊन दारात उभी होती. त्यात तिने वर्षानुवर्षं जमवलेले ब्लाऊजपीस होते, हळदीकुंकवाला ओटीत आलेले. प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी लावलेली: 'सुमनकाकू', 'देशकरांची सून'. आमच्याकडे ओटीतला ब्लाऊजपीस सहसा कुणी शिवत नाही, पुढच्या ओटीत सरकवतात. फक्त जिने दिला तिच्याकडेच तो परत जाता कामा नये. एकदा तसा गेला, आणि सुमनकाकू कितीतरी दिवस आईशी तुटक बोलत होत्या. तेव्हापासून या चिठ्ठ्या.

"भोपाळला लागतील तुला," आई म्हणाली. मला ते ओझंच वाटलं.

लागले नाहीत. कोलार रोडवर माझ्या मजल्यावर सगळी सज्जन माणसं आहेत. लिफ्टमध्ये नमस्ते होतं आणि दारं लागतात. सोमवारी सकाळी दूधवाल्याशी बोलताना आवाज बसका निघतो, तेव्हा कळतं की रविवारी आपण तोंडच उघडलं नाही.

मी चादरींसाठी प्रिंट काढते. यंदा स्टुडिओत ठरलं, नवं कलेक्शन घरच्या जुन्या संग्रहांतून काढायचं. माझ्यासोबत काम करणारी शबाना तिच्या आजीच्या जरदोजीचे नमुने घेऊन आली, मी गाठोडं नेलं. सगळे त्याभोवती जमले आणि इथे पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या घरची चौकशी केल्यासारखं वाटलं. पण स्कॅनरच्या काचेवर ओरखडे नकोत म्हणून शबानाने सगळ्या टाचण्या काढल्या, कापडं इस्त्री करून रंगांप्रमाणे लावली. "देखो, कितना साफ हो गया," ती म्हणाली. चिठ्ठ्या एका वाटीत पडल्या होत्या. मला रडूच फुटलं, आणि का, ते हिंदीत सांगता येईना.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावला. मी एकेक कापड कॅमेऱ्यासमोर धरत होते, ती नाव सांगत होती, मी चिठ्ठी टाचत होते. "हा जांभळा सुमनचा. गेली बिचारी, तू कॉलेजात होतीस तेव्हा. हा देशकरांच्या सुनेचा, ते सगळे हैदराबादला गेले. हा कोपऱ्यावरच्या मॅडमचा, घर विकलं त्यांनी." एकही नाव अडलं नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, पण असं ओळीने कधी ऐकलं नव्हतं. गल्लीत ओटी भरायला कुणी उरलंच नव्हतं, म्हणून गाठोडं माझ्यासोबत आलं होतं.

"आई, तुम्ही दोघं इकडेच या," मी म्हटलं.

"तिथे माझ्या ओळखीचं कोण आहे बाई?"

मी आहे, असं म्हणायला हवं होतं. पण माझ्यासारखंच तिनेही दार लावून बसावं, असं वाटेना.

परवा इथल्याच बाग सेवनिया भागात एका बाल्कनीत आमच्या स्टुडिओची चादर वाळत होती, सुमनकाकूंच्या जांभळ्या कोयऱ्यांची. बराच वेळ बघत उभी राहिले. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. ही नक्षी कुणाची, हे जाणणाऱ्या आता आम्ही दोघीच, आणि माझ्यापुरतं घर तेवढंच उरलं आहे. त्या दोघींतली एक सत्तरीच्या पुढे गेली आहे.