शेकलेलं मशीन

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. आमच्या गल्लीतल्या चिंचेवर जी बाई बसते म्हणतात, तिच्या पायाखाली मी लहानपणभर क्रिकेट खेळलो. फांदीत अडकलेला एकही बॉल तिनं कधी खाली टाकला नाही. तेव्हा खालचा प्रकार वाचून ‘आमच्या ओळखीचे एक महाराज आहेत’ असं कृपया कुणी कळवू नये.

राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या वर माझा छोटा स्टुडिओ आहे. घर उचगावला. माझे वडील, अण्णा, हलगी वाजवायचे. कुस्तीच्या मैदानात त्यांची हलगी कडाडली की बघणाऱ्याचेही दंड फुरफुरायचे. मुलगा म्हणून सांगत नाही... बरं, मुलगा म्हणूनच सांगतोय.

मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात वाचला, पण मुठीतली पकड गेली. काठी दोन-चार थापांत गळून पडायची. अण्णांनी हलगी खुंटीला टांगली, तीही तोंड भिंतीकडं करून.

तेव्हा मी सॅम्पलर काढला. या यंत्राला स्वतःचा आवाज नसतो. आपण खऱ्या वाद्याची एकेक थाप रेकॉर्ड करायची. ती आकड्यांच्या रूपात आत साठते. मग ती रबरी पॅडवर बसवायची आणि बोटानं वाजवायची. हलकी थाप वेगळी, सणसणीत वेगळी. प्रत्येकीच्या चार-चार आवृत्त्या, नाहीतर तोच तो आवाज मशिनगनसारखा ऐकू येतो. म्हणजे सलग वाजवायची ताकद लागत नाही. एक थाप मारायची, दम खायचा, मग दुसरी.

काठी अण्णांच्या हाताला फडक्यानं बांधली. पण आधी गच्चीवर जाळ! हलगीचं कातडं गारठ्यानं सैल पडतं, आवाज बसतो. जाळावर शेकलं की चढतो. दर पाच-सहा थापांनी अण्णा हलगी शेकून आणायला लावायचे. खालच्या क्लासवाल्या सरांनी धुराबद्दल विचारलं, तर म्हणाले, “सर, तुमची पोरं बी जरा शेकून काढा. निकाल चढंल.”

सगळं जुळल्यावर मशीन त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“ह्यात कातडं कुठं हाय?”

“न्हाय अण्णा. नुसतं आकडं हाईत.”

“मग वाजतंय कशानं?”

“तुमच्याच थापंनं.”

महिनाभर कानाला हेडफोन लावून ते पॅडवर बोटं चालवत होते. पॅडला पकडीची गरज नव्हती, ठेका तर मुरलेलाच होता.

मग आलं गावच्या यात्रेचं मैदान. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे फेटा आधी येतो, मागाहून माणूस. त्यांना डीजे हवा होता. तो उभाच होता. “अण्णा, तुमच्या मानाखातर सुरुवातीच्या कुस्त्या वाजवा. पब्लिक हासलं तर मात्र डीजे. मग रुसायचं न्हाय.”

अण्णांनी मान हलवून कबूल केलं. पण मला कळत होतं... आज हसं झालं, तर हा माणूस परत चारचौघांत बसणार नाही.

मैदान दुपारी सुरू झालं. शेजारी रमजानभाई, अण्णांचे जुने जोडीदार, हलगीच्या साथीचं खरं, कातड्याचं घुमकं घेऊन. अण्णांनी बोट ठेवलं आणि स्पीकरमधून अशी कडाडली की पोरं स्पीकरच्या मागं जाऊन माणूस शोधायला लागली.

दिवस कलला तसा नदीकडून गारठा आला. आणि... हलगी उतरली.

सरळ सांगतो. आवाज बसला. ठस्स. घुमक्याचं बसणं समजू शकतं, पण आकडे गारठत नाहीत! मी मशीनचा पिच, म्हणजे सूर, तपासला – शून्यावर. स्पीकर बदलला. हेडफोन लावून ऐकलं – तेच. शिवाय मशीननं सूर खाली उतरवला की थाप लांबतेही. इथं लांबी तेवढीच. फक्त कातडं सैल पडल्यासारखं.

लोकांत खसखस पिकली. कुणीतरी ओरडलं, “अण्णा, चार्जिंग संपलं व्हय?” अध्यक्षांनी डीजेकडं हात केला.

अण्णांनी पॅडवरचं बोट उचललं. “उतारली. शेकाय पायजे.”

“अण्णा, मशीन हाय ते! जळंल की!”

“रमजान, उठीव रं मला.”

रमजानभाईंनी एका काखेत घुमकं घेतलं, दुसऱ्या हातानं अण्णांना धरलं. वायर काढून अण्णांनी मशीन पोटाशी धरलं आणि दोघं मैदानाकडेला घुमक्यासाठी पेटवलेल्या उसाच्या पाचटाच्या जाळाकडं गेले. शेजारी शेजारी बसून एकानं घुमकं शेकलं, दुसऱ्यानं सॅम्पलर. आयुष्यभर हलगी धरली तशीच – पालथी, जरा तिरकी, फिरवत फिरवत. मधेच बोटानं टिचकी मारून कान लावायचे. वीज तुटलेल्या यंत्राला! मी डोळे मिटून घेतले.

परत आले. मी वायर जोडली. अण्णांनी थाप टाकली.

खण्णकन.

पुढं काय झालं ते गावाला विचारा. शेवटच्या कुस्तीला अण्णांनी जो ठेका चढवला, त्यात पैलवानांना हार-जीत ठरवण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. जिंकलेला पैलवान बक्षीस घ्यायच्या आधी लाल मातीनं भरलेल्या अंगानिशी आला आणि अण्णांच्या पाया पडला. अध्यक्षांचा फेटाही मान डोलवत होता. डीजे गुमान वायरी गुंडाळत होता.

मग मी माझ्या स्वभावाला जागलो. मशीनमधल्या फायली मूळ रेकॉर्डिंगशी ताडून पाहिल्या – तंतोतंत त्याच. चला, कानांचा भ्रम. पण अध्यक्षांच्या पुतण्यानं काकांचं रील काढताना सगळं मैदान मोबाईलवर टिपलं होतं. त्यातला आवाज कॉम्प्युटरवर आलेखात पाहिला. हलगी हळूहळू उतरलेली दिसते... आणि जाळानंतर जागेवर आलेली. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. दोन्ही माझ्याकडं आहेत.

अण्णांना त्यात प्रश्नच दिसत नाही. “हलगी हाय, उतरणारच की,” एवढंच.

परवा नेसरीच्या मैदानाचा फोन आला. “पावणं, तुमची सगळी सोय करतो. स्पीकर, लाईट, जनरेटर. आणि काय लागंल?”

मी, विज्ञानाचा पदवीधर, म्हणालो, “वाळकं पाचट ठेवा. अण्णा येणार हाईत.”