पुढंकायबाई आणि टिपाडातलं पाणी

गोष्ट ऐन रंगात आली की बाई गप्प बसायच्या. आम्ही ओरडायचो, "पुढं काय?" तर उलट आम्हालाच विचारायच्या, "हो ना, पुढं काय?" दिंडोरीकडच्या आमच्या शाळेत त्यांचं नावच पडलं, पुढंकायबाई. नव्वदच्या दशकातली गोष्ट ही. नाशिकहून रोज एसटीनं यायच्या.

त्यांची रीत अशी: ऐकलेली गोष्ट घरी सांगायची, घरचे काय म्हणाले ते वर्गात सांगायचं, आणि गोष्ट तोंडात बसली की मगच पेन्सिल हातात. "जे बोलता येतं ते लिहिता येतं गं," म्हणायच्या. माझं घोडं नेमकं तिथंच अडायचं. तोंडानं मी अख्खा वर्ग डोक्यावर घेई, पण कागद पुढं आला की हात जड व्हायचा. चौथीत गेले तरी सलग चार ओळी काही जमल्या नव्हत्या.

एकदा तहानलेल्या माकडाची गोष्ट निघाली. पुढं सांगायची माझी पाळी आली. मी माकडाला सरळ आमच्या द्राक्षबागेत नेलं आणि फवारणीच्या औषधाच्या टिपाडातलं पाणी पाजलं! वर्ग किंचाळला, "मेलं!" मला रडूच फुटलं. बाई मात्र कसल्या खूश! "काय फक्कड अडकवलंस गं त्याला! आता तूच वाचव. पण लिहून हं."

त्याच आठवड्यात बाईंची बदली झाली. शनिवारी त्या जाणार, आणि माझं माकड तसंच पडलेलं. आईला विचारलं, याला वाचवू कसं? आई तोंडाला पदर लावून हसत सुटली. तिनं जे सांगितलं ते मी लिहीत सुटले. अहो, हात थांबेचना!

शनिवारी बाई एसटीत बसल्या तेव्हा फाट्यावर सगळा गाव जमला होता. मी कागद घेऊन धावत खिडकीशी गेले. "बाई, लिहिलं!"

"वाच! मोठ्यानं वाच!"

कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला, तशा बाई कडाडल्या, "थांबा हो! इथं माकडाचा जीव चाललाय!"

मी वाचलं, "माकड मेले नाही. कारण त्या दिवशी अण्णा औषधाची पुडी घरीच विसरले होते. त्यांनी अर्ध्या बागेवर नुसते पाणी मारले. हे त्यांनी कोणालाच सांगितले नाही."

अख्खी एसटी खो खो हसली. अण्णा, म्हणजे माझे वडील, हातात हार घेऊन शेजारीच उभे! "बाई, ही लिहाया शिकली हे काय बरं नाय झालं," म्हणाले आणि स्वतःच हसू लागले.

कंडक्टर म्हणाला, "वाचलं ना माकड? मग मारू घंटी?"

गाडी हलली. खिडकीतून डोकं बाहेर काढून, डोळे पुसत बाई ओरडल्या, "पुढं काय गं?"

घरी येऊन मी त्याच कागदाच्या मागं लिहिलं, "मग माकड एसटीच्या टपावर चढले आणि बाईंबरोबर गेले."