हात माझे, बोलणं मिलिंदचं

मिलिंद पगारे गेल्याचं मला ऑफिसच्या जिन्यात कळलं. त्याच्या मेव्हण्याचा फोन होता. ‘अविनाशदादा, दाजी गेले हो...’ एवढंच तो म्हणाला. सकाळी कंपनीत जायला निघालेला मिलिंद बूट घालायला म्हणून खुर्चीत बसला, तो उठलाच नाही. पस्तिशी नुकतीच ओलांडली होती त्याने. मी पायरीवर बसून राहिलो. त्या वेळी मनात पहिल्यांदा काय आलं, ते आज दीड महिन्यानंतर लिहितानाही लाज वाटते. मनात आलं, आता कुठले कुठले लोक याच्यासाठी हळहळतील! आपण गेलो तर घरच्यांपलीकडे कोणाला कळणार आहे?

आमची मैत्री कॉलेजातली, नव्वदच्या दशकाच्या शेवटची. आमच्या घरी तेव्हा जोडणी करून घेतलेला कॉम्प्युटर आला होता आणि मला लढाईच्या गेम्सचा नाद लागला होता. पडद्यावर गाव वसवायचं, लाकूडफाटा आणि सोनं गोळा करायचं, फौज उभारायची आणि शत्रूवर चालून जायचं. बुद्धिबळासारखी पाळी नाही, आपण विचार करत बसलो तर तोवर समोरचा येऊन आपलं गाव जाळून जातो. मी या खेळात चांगलाच तरबेज होतो. मिलिंदला मात्र खेळताच यायचं नाही. त्याची फौज उभी राहायच्या आत त्याचं गाव पडलेलं असायचं. पण तो शेजारी बसून बोलायला लागला की माझी आई पोळ्या टाकून बघायला यायची.

त्याला चांगल्या गेम्समध्ये रसच नव्हता. शालिमारजवळच्या फूटपाथवरून तो अशा सीड्या शोधून आणायचा, की ज्या करणाऱ्यालाही नंतर पस्तावा झाला असेल. एका गेममध्ये सैनिकांना पूल दिसायचाच नाही. नदीपलीकडे जा म्हटलं की सगळी पलटण उलट्या दिशेने नकाशाला वळसा घालायला निघायची. मिलिंद गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, ‘जायचंय पंचवटीला, पण साहेब निघाले मालेगावमार्गे. तिकडे सासुरवाडी असंल.’ दुसऱ्या एका गेमचं इंग्रजी कोणी केलं होतं देव जाणे, रणगाडा तयार झाला की पडद्यावर यायचं, तुमची शेळी तयार आहे. शेवटी आम्ही शेळ्यांचा कळप घेऊन राजधानीवर चालून गेलो आणि मिलिंदने त्या स्वारीचं असं वर्णन केलं, की खुर्चीतून पडायचा तेवढा मी राहिलो होतो.

पुढे तो अंबडच्या एका कारखान्यात माल तपासणीला लागला. ‘दिवसभर रिजेक्ट माल बाजूला काढतो,’ तो सांगायचा, ‘आणि संध्याकाळी तसलाच घरी आणतो.’ पहिल्या बोनसमधून त्याने कॉम्प्युटर घेतला. त्याचीच तार व्हीसीआरला जोडून, मायक्रोफोन लावून आम्ही कॅसेटी भरायला लागलो. खेळायचो मी, बोलायचा तो. पूल न दिसणारी पलटण नेमकी कुठे उभी केली म्हणजे ती जास्तीत जास्त लांबून जाईल, कोणता मजूर कुठल्या दारात अडकवला म्हणजे मागे सगळ्यांची रांग लागेल, हे मी तासन्‌तास खेळून शोधून काढायचो. रविवारी सकाळी त्यांच्या कॉलनीच्या समाजमंदिरात टीव्ही मांडून कॅसेट लावली जायची. ज्यांनी जन्मात माउस हातात धरला नव्हता अशा बायामाणसांची हसून हसून मुरकुंडी वळायची. नंतर सगळे मिलिंदभोवती जमायचे. एकदा एका आजींनी मला विचारलं, ‘तू काय करतोस रे बाळा यात?’ मी म्हटलं, ‘मी खेळतो.’ त्या म्हणाल्या, ‘बरंय, बरंय. खेळायचंच वय हाय तुझं.’ मिलिंद मागे उभा राहून हसला. मीही हसलो... पण घरी जाताना सायकल इतकी जोरात मारली की चेन उतरली.

त्याच्याकडे फोन नव्हता. आमचा नंबर तो सगळ्यांना द्यायचा. एका दुपारी एका केबलवाल्याचा फोन आला. त्याने कोणाकडे तरी कॅसेट पाहिली होती आणि त्याला ती शहरभर दाखवायची होती. ‘मिलिंद पगारेंशी बोलायचंय,’ तो म्हणाला. म्हणजे फक्त त्याच्याशीच. मी क्षणभरही न अडखळता सांगितलं, ‘तो हौसेपुरतं करतो. टीव्हीवर नको म्हणतो.’ फोन ठेवला आणि जेवायला बसलो. जेवण व्यवस्थित गेलं, हेही सांगितलं पाहिजे.

आठवड्याभरात त्या माणसाची आणि मिलिंदची एका लग्नात गाठ पडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिलिंद घरी आला. चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाला, ‘अवी, मी नको म्हणतो असं सांगितलंस?’

मी म्हटलं, ‘मला वाटलं, तुला आवडणार नाही.’

‘असं वाटलं होय.’ त्याने कप ठेवला. ‘मी त्याला हो म्हणून आलोय. आणि आधी तुझं नाव टाक म्हणून सांगितलंय.’

आणि खरंच, केबलवर कार्यक्रम लागला तेव्हा पडद्यावर आधी माझं नाव आलं आणि मग त्याचं. त्याने भांडण काढलं असतं तर मला ते सोपं गेलं असतं. पण त्याने माझं नाव वर लावलं, आणि त्याच्या विनोदाचा हेवा करणारा मी आता त्याच्या मोठ्या मनाचाही हेवा करायला लागलो. चार रविवार मी गेलो. मग नोकरीचं, लग्नाचं, पाठदुखीचं कारण काढून जाणं बंद केलं. गुपचूप घरी स्वतःची एक कॅसेट केली. खेळ उत्तम झाला होता. बायकोला दाखवली, तर ती शेवटपर्यंत बघून म्हणाली, ‘छान आहे. माहिती खूप आहे.’

मला वाटलं होतं, माझ्या हातांवाचून त्याचं अडेल. काही वर्षांनी घरोघरी इंटरनेट आलं आणि मिलिंद आपले व्हिडिओ तिथे टाकायला लागला. आता तो स्वतःच खेळत होता आणि पूर्वीइतकंच वाईट खेळत होता. बोलण्याच्या भरात त्याचं गाव जळायचं आणि तो म्हणायचा, ‘थांबा हो, एवढं वाक्य पुरं करू द्या!’ लोकांना तेच जास्त आवडलं. होस्टेलमधली पोरं, परदेशी गेलेली मराठी माणसं त्याला लिहायची. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आवाज बारीक करून प्रत्येक व्हिडिओ पाहायचो. कुठे रटाळ झालाय ते शोधायचो. सापडला तर दुपार बरी जायची.

जाण्याच्या महिनाभर आधी तो मला मेनरोडला भेटला. ‘ये ना एकदा,’ म्हणाला. ‘एक भारी गेम मिळालाय. हत्ती उलटे चालतात. माझ्याने जमत नाही रे एकट्याला. हात पाहिजेत तुझे.’ मी म्हटलं, ‘बघू, वेळ मिळाला की.’ वेळ होता. मी घरी जाऊन झोपलो.

शोकसभेला धुळ्याहून, पुण्याहून मुलं आली होती. त्यांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं, पण त्याची वाक्यं त्यांना पाठ होती. एक जण ती म्हणून दाखवताना रडला. मी मागच्या रांगेत बसून, त्यातली कोणती वाक्यं माझ्या डावावर सुचली होती याचा हिशेब करत होतो... असा मी.

गेल्या रविवारी मिलिंदच्या बायकोने, सवितावहिनींनी, घरी बोलावलं. त्याचं मशीन तसंच ठेवलं होतं आणि हत्तींचा गेम अर्धवट होता. त्यांची नऊ वर्षांची प्रज्ञा म्हणाली, ‘काका, हे पुढे जातच नाहीये. तुम्हाला येतं ना? बाबा म्हणायचे, अवीकाकाला सगळं येतं.’ मी बसलो. पाचएक मिनिटांत हत्ती ओळीने उलटे चालत तळ्यात शिरले आणि एकमेकांना अडकून तिथेच गोल फिरायला लागले. सुरेख दृश्य होतं. माझा हात आपोआप माउसवरून उचलला गेला.

‘काका, का थांबलात?’

‘असं काही झालं की बाबा बोलायचा,’ मी म्हटलं. ‘तेव्हा मी थांबायचो.’

तिने स्टूल ओढून माझ्या शेजारी घेतलं. पडद्याकडे बघत म्हणाली, ‘मग थांबा थोडं.’

आम्ही थांबलो.