चार बोटं बद्द

“मले नाही समजलं म्हणजे नाही.”

शालिकराम हे रोज म्हणायचा. गिऱ्हाइकाला म्हणायचा, दुकानमालक मार्तंडला म्हणायचा. घरी बायकोने, गोदूबाईने, भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तरी त्याच्या तोंडातून तेच निघायचं. “मंग राहा उपाशी,” गोदूबाई म्हणायची.

माणूस मूळचा उमरेडचा, विणकराच्या घरातला. बापाचा माग बंद पडला तेव्हा तो नागपूरला आला आणि सक्करदऱ्याकडे मार्तंडच्या सायकल दुकानात बसला. मग शहरात कार्बनच्या हलक्या, महाग सायकली आल्या. पहिली तुटकी नळी दुकानात आली तेव्हा सगळे तिला प्लास्टिक समजले. शालिकरामने तुटलेलं टोक उजेडात धरलं. काळे, केसाहून बारीक धागे, एकावर एक घातलेले थर, आणि त्यांना घट्ट धरून बसलेली राळ. “हे तं कापड आहे गा,” तो म्हणाला. “खळ देऊन कडक केलेलं कापड.” त्या दिवसापासून आपटलेली प्रत्येक कार्बनची सायकल त्याच्या पुढ्यात येऊ लागली. चालवायची की नाही, ते त्याने सांगायचं.

मिनल आली ती गुरुवारी, वडील मधुसूदन यांच्यासोबत. काटोलकडे त्यांची संत्र्याची बाग. कळमन्याच्या फळबाजाराच्या फाटकाजवळ चेंगरलेल्या संत्र्यावरून मिनलचं चाक सरकलं होतं आणि पुढचं चाक धरणारा फोर्क रस्त्याला घासला होता. रविवारी शर्यत होती. तिच्यातून राज्याच्या संघात निवड व्हायची होती, आणि पुढच्या वर्षी मिनल त्या वयोगटात बसणार नव्हती.

“काकाजी, फोर्कच पाहा फक्त,” ती म्हणाली. “बाकी टकाटक आहे.”

“टकाटक आहे तं मले काहून आणली?”

मधुसूदन हसले. मिनल हसली नाही.

शालिकराम घाई करत नसे. त्याने सायकल पुसली, उन्हात तिरपी धरली. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती धडप्याने फोर्क हळूहळू पुसत नेला. कुठे धागा तुटून वर आला असता तर धडप्याचा तंतू तिथे अडकला असता. नाही अडकला. मग खिशातून नाणं काढून तो फोर्कभर वाजवत गेला. टण, टण, टण, सगळीकडे सारखं.

“फोर्क चांगला आहे. नुसता रंग गेला.”

मिनलने सुटकेचा श्वास सोडला आणि सायकलला हात घातला. पण शालिकरामचं नाणं थांबलं नव्हतं. ते हँडलकडून वरच्या आडव्या नळीवर गेलं. टण, टण, आणि मध्येच बद्द. त्याने चार बोटं आडवी ठेवून जागा मोजली. तिथे रंगावर साधा ओरखडाही नव्हता.

“इथं काय बांधलं होतं?”

बाप-लेक एकमेकांकडे पाहू लागले. मग मधुसूदन हळू आवाजात म्हणाले, “दोरी.”

काटोलहून मिनलची सायकल नेहमी संत्र्याच्या पिकअपवरच यायची. क्रेटच्या वर आडवी. मधुसूदन स्वतः बांधायचे. क्रेट आवळतात तशी दोरीत काठी घालून पीळ द्यायचे, पोरीची सायकल रस्त्यात हलू नये म्हणून.

“हे कापड लांबीनं किती बी ताणा,” शालिकराम म्हणाला. “बाजूनं आवळलं का आतून थर सुटते. वरून काही दिसत नाही.”

“मंग तुटली का ही?” मिनलने विचारलं.

“तसं नाही म्हणत मी. कंपनीनं तिथं जादा थर घातला असंल तरी असंच वाजते. आत भेग असंल तरी असंच वाजते.”

“म्हणजे चांगली बी असू शकते?”

“असू शकते.”

“शालिकरामभाऊ, असं काय करता? एकच दिवस चालवाची आहे,” मधुसूदन म्हणाले.

“मले नाही समजलं.”

मिनलचा चेहरा लाल झाला. “तुम्हाले नाही समजलं म्हणून मी घरी बसू? दुसरा मेकॅनिक दोन मिनिटांत हाव म्हणते.”

“म्हणंल ना. उतारावर तो नाही बसत, तू बसतं.” आणि त्याने नाणं तिच्या हातात दिलं. “तूच वाजव.”

तिने रागारागाने वाजवलं. टण, टण. बद्द, बद्द. पुन्हा टण. मग डोळे मिटून उलट्या बाजूने वाजवत आली. नेमकी त्याच चार बोटांवर नळी मुकी व्हायची. तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा तिचा हात हलका पडला होता. रविवारच्या उतारावर आपलं लक्ष रस्त्याकडे राहणार नाही, या चार बोटांकडे राहील, हे तिला कळून चुकलं.

मधुसूदन पायरीवर बसले. “मीच आवळली,” ते म्हणाले.

“क्रेटले तसंच बांधते गा,” शालिकराम म्हणाला. “मी बी तसंच बांधलं असतं.”

मार्तंड आतून चहा घेऊन आला, सगळ्यांची तोंडं पाहून ग्लास खाली ठेवून परत गेला.

“पुतण्याची अॅल्युमिनियमची फ्रेम आहे घरी,” शालिकराम म्हणाला. “तुह्याच मापाची. प्रज्वल पुण्याले नोकरीवर गेला तवापासून खुंटीवर आहे. चाकं, गिअर तुहेच लावू.”

“जड आहे का?”

“चढावर मले शिव्या देशील.”

मिनलने आपल्या सायकलीकडे पाहिलं. मग उत्तर न देता ती खाली बसली, पाना घेतला आणि पुढचं चाक सोडवू लागली. ते पाहून शालिकराम उठला. त्याने चपला पायात सरकवल्या आणि घराच्या गल्लीकडे निघाला, बापाच्या, खड्ड्यात पाय सोडून विणायच्या मागावर बसून बसून फाकलेल्या गुडघ्यांनी, जराही घाई न करता. मधुसूदन यांची मान खालीच होती. मिनल मात्र पाना हातात धरून, तो वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिली.